भाड्याच्या घरातील अनधिकृत रहिवासी व घरमालकाचे कर्तव्य

व्यापारातील शिल्लक घरात गुंतवावी आणि त्याच्या भाड्यावर उतारवयाची तजवीज करावी, ही आपल्या कुटुंबांतील जुनी रीत आहे. परंतु ज्यास घर दिले तो भाडेकरू निघून जातो व त्याच्या जागी कोणी परकाच राहू लागतो, तेव्हा मालकाची मोठी पंचाईत होते. अशा प्रसंगी उतावळेपणा व स्वस्थता, दोन्ही सारखीच घातक ठरतात.

उतावळा मालक कुलूप बदलतो किंवा सामान रस्त्यावर काढतो. परंतु स्थिर कब्जा असलेल्या इसमास, त्याचा हक्क नसला तरीही, कायद्याच्या मार्गावाचून काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले आहे. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमान्वये असा इसम सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो; तेथे मालकीचा हक्क हा बचाव ठरत नाही.

स्वस्थ मालकाची हानी सावकाश होते. नवा रहिवासी भाडे आणून देतो, मुनीम त्याच्या नावे पावती फाडतो, आणि तीच पावती पुढे मालकाच्या संमतीचा पुरावा म्हणून न्यायालयात येते. सबब, अशी रक्कम वकिलाच्या सल्ल्यावाचून स्वीकारू नये.

प्रथम घरात कोण, केव्हापासून व कोणत्या नात्याने राहतो, याची चौकशी करून टिपण ठेवावे. आप्त किंवा पाहुणे राहिले म्हणजे पोटभाडे होत नाही; भाडेकरूने आपला ताबा सोडून तो मोबदल्यासाठी दुसऱ्यास दिला, हे दिसावे लागते. नंतर भाडेकरू व रहिवासी या दोघांसही वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि ताब्याच्या दाव्यात दोघांसही प्रतिवादी करावे. अनधिकृत वापराच्या काळाची भरपाईही त्यातच मागावी. भाडे कायदे प्रांतोप्रांती निराळे आहेत. गोव्यात १९६८ चा, तर कर्नाटकात १९९९ चा. आपल्या घरास कोणता लागू आहे, हे आधी पाहावे.

मुख्य दक्षता मात्र घर देतानाच घ्यावयाची असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, करारात मनाई नसल्यास भाडेकरूस पोटभाडेकरू ठेवता येतो. म्हणून भाडेपत्रात ती मनाई स्पष्ट लिहावी, राहणाऱ्यांची नावे नमूद करावीत, आणि वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवून घ्यावा.