टायर खातो तो टो

गाडी लोअर केली की पहिला फटका बसतो तो टायरच्या आतल्या कडेला. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर चाक काढल्यावर आतून तारा दिसेपर्यंत झिजलेला निघतो आणि सगळं खापर कँबरवर फुटतं. चाकं वरून आत कलली, म्हणून टायर खाल्ला, असं सांगितलं जातं. मग कँबर बोल्ट बसतात, चाकं सरळ उभी राहतात, आणि तरीही पुढची जोडी तशीच जाते. माझं म्हणणं असं की अशा गाडीत टायर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचं आत किंवा बाहेर वळलेलं असणं. कोणती कड खायची, एवढंच कँबर ठरवतो.

मारुती स्विफ्टचंच उदाहरण घेऊ. २००५ साली भारतात आलेल्या या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे फोर्डने १९५० साली ब्रिटनमध्ये कॉन्सलला दिली तीच रचना. चाकाला खालून एक लोअर आर्म धरतो आणि वरून शॉकअब्झॉर्बरच आधार देतो. बाजारातल्या आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली आणली की बॉडी उतरते, चाक जागेवरच राहतं आणि लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर उचललं जातं. चाक वळवणारा स्टिअरिंगचा टाय रॉडही वर फिरतो, पण त्याची लांबी आणि आतला सांधा वेगळा, म्हणून तो स्वतःच्या कमानीत फिरतो. कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपास या दोन कमानी जुळवलेल्या असतात. उंची बदलली की त्या फाकतात आणि चाक गाडीगाडीप्रमाणे आत किंवा बाहेर वळतं. हे वळण डोळ्यांना दिसत नाही. पण चाक पाव अंश जरी तिरपं असलं, तरी प्रत्येक किलोमीटरमागे त्याची दिशा सुमारे ४.४ मीटर बाजूला सरकते. गाडी मात्र सरळच जाते, म्हणून तेवढी ओढाताण रबराला सोसावी लागते.

यावर आक्षेप येतो की आत कललेलं चाक आतल्या कडेवरच भार टाकतं, मग कँबर निर्दोष कसा? निर्दोष नाहीच. तीन-चार अंश कलवलेलं चाक रोजच्या वापरात आतून झिजणारच. पण एक-दीड अंश कँबर आणि शून्याजवळचा टो असेल तर झीज हळू होते, आणि वळणावर पकड वाढते ती वेगळीच. तोच भार आतल्या कडेवर असताना टो बिघडला, की सगळं घासणं त्या चिंचोळ्या पट्टीवर येतं. म्हणूनच चाकं सरळ उभी करून टो तसाच सोडला तर फारसा फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप अलाइनमेंट मशीनच्या नावाने येतो. प्रिंटआउटवर सगळे आकडे हिरवे आहेत, मग अडचण काय? पण मशीनमधली मर्यादा कंपनीच्या मूळ उंचीसाठी असते. लोअर केलेल्या गाडीत लाल दिसणारा कँबर चालून जाईल आणि हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठावरचा टो टायर घालवेल. शिवाय क्रम चुकला तर मशीनही निरुपयोगी. आधी दोन्ही बाजूंची उंची आणि टायरमधली हवा सारखी करायची. मग बुश. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट आवळले, तर रबरी बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत अडकतो. गाडी जमिनीवर आली की तो उलटा जोर लावतो, उंची बिघडवतो आणि लवकर फाटतो. ते बोल्ट शेवटी गाडीचा भार चाकांवर असतानाच आवळायला हवेत. त्यानंतर कँबर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण चाक धरणाऱ्या स्टिअरिंग नकलच्या बोल्टवर कँबर हलवला की टाय रॉड जागेवरच राहतो आणि टो पुन्हा सरकतो. कारागीर स्टिअरिंग मधोमध लॉक करतो, टाय रॉडचा लॉक नट सैल करतो आणि पान्ह्याने रॉड थोडा थोडा फिरवत स्क्रीनवरचा आकडा पाहतो. फक्त एकाच बाजूने फिरवलं तर एकूण टो जुळतो, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं.

टो शून्य केला तरी कमानी फाकलेल्याच असतात. उभ्या गाडीत मिळालेलं शून्य खड्ड्यात चाक वर-खाली झालं की टिकत नाही, आणि स्टिअरिंग हातात हिसके देतं. लोअर आर्म आडव्यापेक्षा वर कलला असेल तर रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि कडक स्प्रिंगा असूनही गाडी वळणावर झुकू पाहते. यावर इलाज अलाइनमेंटच्या खड्ड्यात नाही. लांब दांड्याचा बॉल जॉइंट आणि त्याला जुळणारा टाय रॉड एंड घालून दोन्ही कोन परत आणावे लागतात, किंवा सरळ गाडी थोडी वर घ्यावी लागते. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, स्वस्तही तोच. मागे तर स्विफ्टला टॉर्शन बीम आहे, तिथे फिरवायला नटच नाही. बीम वाकलेला निघाला तर बीम आणि स्टब अॅक्सलमध्ये पाचरीसारखी शिम घालायची किंवा बीम बदलायचा, आणि पुढचा टो मागच्या चाकांच्या दिशेला धरूनच लावायचा. नव्या स्प्रिंगा काही आठवड्यांत आणखी थोड्या बसतात, तेव्हा टो पुन्हा मोजून घ्यावाच लागतो.