छपराचं भाडं, छपराची वीज

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, आणि बोटी वर्षाचे बरेच महिने नुसत्या उभ्या असतात. अनेक वसाहतींत त्या दारासमोर ठेवायला मनाई असते, म्हणून लोक भाड्याने जागा घेतात. ॲरिझोनाच्या उन्हात रंग, रबर, छताचे सांधे लवकर खराब होतात. त्यामुळे छपराखालच्या जागेला साहजिकच जास्त भाडं मिळतं.

मग छप्परच सौर पॅनेलचं केलं तर? 12 फूट रुंद, 40 फूट लांब जागा म्हणजे सुमारे 45 चौरस मीटर. ती पूर्ण झाकली तर साधारण 9 किलोवॉटची पॅनेल बसतात. पण पोलाद भरपूर लागतं. आरव्ही साडेतेरा फुटांपर्यंत उंच असते, म्हणून छप्पर 14 फुटांवर न्यावं लागतं, आणि तिथे वारा पॅनेलना खालून उचलू पाहतो. पाया खोल हवा.

हिशेब फसतो तो विजेत. दिवे, कॅमेरे, फाटक सोडलं तर अशा जागेला वीज लागतेच किती? उरलेली विकावी लागते. कॅलिफोर्नियात एप्रिल 2023 पासून मोठ्या खासगी वीजकंपन्यांच्या नव्या सौर ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी मिळतो. म्हणून माझं आग्रहाचं मत आहे की वीज कोण, कोणत्या दराने घेणार हे आधी ठरावं आणि खांब नंतर रोवावेत. बॅटरी जोडून दुपारची वीज संध्याकाळी दिली तर कॅलिफोर्नियातही दर बरा मिळतो.