बेल्ट उलटा फिरला तरी विमान उडणारच. पण धावपट्टी तेवढीच लागणार!

नाशिक : द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्रेट पुढे सरकवणारा कन्व्हेअर बेल्ट जिल्ह्यात अनेकांनी पाहिलेला आहे. आता असाच एक बेल्ट ओझरच्या धावपट्टीएवढा लांब-रुंद आहे असे समजा. त्यावर विमान उभे आहे. विमान पुढे निघाले की बेल्ट तेवढ्याच वेगाने मागे फिरतो. तर विमान उडेल, की जागच्या जागी राहील?

मोबाईलवर हा प्रश्न आला की पारावर लगेच दोन गट पडतात. त्यातच कुणीतरी आणखी एक प्रश्न काढतो, आणि तो शेतकऱ्याच्या जास्त जिव्हाळ्याचा असतो. बेल्टवर जागेवरच पळवून विमान उडत असेल, तर तीन-तीन किलोमीटरची धावपट्टी हवी कशाला? तेवढी जमीन वाचेल ना?

दोन्हींचे उत्तर आधी थोडक्यात : विमान उडते, पण जमीन वाचत नाही. का ते बघू.

ट्रॅक्टर वेगळा, विमान वेगळे

ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद गिअरमधून मागच्या चाकांना जाते. चाके जमिनीला मागे रेटतात, म्हणून ट्रॅक्टर पुढे जातो. चिखलात चाकांना पकड मिळाली नाही की ट्रॅक्टर जागेवर फिरत बसतो. त्यामुळे उलट फिरणाऱ्या बेल्टवर ट्रॅक्टर चढवला आणि बेल्टचा वेग तेवढाच ठेवला, तर तो पुढे सरकणार नाही. इथे "जागेवरच राहील" म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे.

पण विमान चाकांच्या जोरावर पळत नाही. त्याचे इंजिन हवा जोरात मागे फेकते आणि त्या धक्क्याने विमान पुढे जाते. पंखा असलेल्या विमानाचेही तेच. चाके बैलगाडीच्या चाकांसारखी मोकळी असतात. त्यांना ब्रेक असतो, पण इंजिनाची ताकद त्यांच्यापर्यंत जात नाही. हवेत गेल्यावर चाके पोटात ओढून घेतली तरी विमानाचा वेग वाढतच जातो, यावरून काय ते कळते.

बैलगाडीचेच घ्या. गाडीची चाके उलट फिरणाऱ्या बेल्टवर आहेत, पण बैल मात्र पुढे पक्क्या जमिनीवर चालत आहेत. गाडी थांबेल का? नाही. चाके दुप्पट वेगाने गरगरतील, पण गाडी बैलांच्या मागे निघून जाईल. विमानाचे बैल हवेत चालतात, एवढाच फरक.

बेल्ट किती जोर लावू शकतो?

ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना आहे. 1964 मध्ये मिग विमानांसाठी तो उभा राहिला. पुढे तिथे सुखोई-30 एमकेआय तयार झाली आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी इथे बनलेल्या पहिल्या तेजस एमके-1ए विमानाने उड्डाण केले.

यातल्या सुखोईचा हिशोब करू. दोन्ही इंजिने पूर्ण ताकदीवर असताना मिळून सुमारे 25 टनांचा जोर देतात. विमानाचे वजन 30 टन धरले, तर मोकळ्या चाकांचा अडथळा त्याच्या दीड-दोन टक्के, म्हणजे फार तर 600 किलोंचा. बेल्ट उलट फिरवला तरी विमानाला मागे ओढायला त्याच्याकडे साधारण एवढाच जोर आहे. एका बाजूला 25 टन, दुसऱ्या बाजूला 600 किलो. कोण जिंकेल हे वेगळे सांगायला नको.

हा प्रयोग प्रत्यक्षात झालेलाही आहे. 2008 मध्ये अमेरिकेतील 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमात एक हलके विमान लांबलचक ताडपत्रीवर उभे केले. ताडपत्री गाडीने उलट दिशेला ओढली, त्याच वेळी विमान सोडले. विमान पुढे गेले आणि सरळ उडाले.

मग वाद का होतो?

काही जण प्रश्न थोडा बदलून विचारतात. "बेल्टचा वेग कायम चाकाच्या वेगाएवढा असेल तर?" इथे मेख आहे. चाकाचा वेग म्हणजे बेल्टचा वेग अधिक विमानाचा पुढे जाण्याचा वेग. ही बेरीज बेल्टच्या वेगाएवढी ठेवायची, तर विमानाचा वेग शून्यच लागतो. म्हणजे "विमान हलत नाही" हे उत्तर प्रश्नातच लपवून ठेवलेले असते. खऱ्या बेल्टला आणि खऱ्या विमानाला ही अट पाळता येत नाही. विमान जरा पुढे सरकले की ती मोडते.

जमीन का वाचत नाही?

येवल्याची संक्रांत आठवा. वारा पडला की पोरे पतंग घेऊन पळत सुटतात. पळल्यामुळे पतंगाला समोरून हवा लागते आणि तो चढतो. तेच पोरगे जिममधल्या ट्रेडमिलवर पळाले तर? घाम निघेल, पतंग चढणार नाही. कारण पाय पळत असले तरी पतंग हवेत पुढे जात नाही.

विमानाचे पंखही समोरून येणाऱ्या हवेवरच उचलले जातात. मोठ्या प्रवासी विमानाला त्यासाठी ताशी साधारण 250 किलोमीटरचा वेग लागतो. तो गाठायला विमानाला खरोखर पुढे पळावे लागते. बेल्टवर उभे असले तरी ते जवळपास तेवढेच अंतर कापते. उलट चाके दुप्पट फिरल्याने टायरवर ताण येतो, तो वेगळाच.

ओझरची धावपट्टी 3 किलोमीटर लांब आहे, ती उगाच नाही. उड्डाणाआधी इंजिनात बिघाड झाला तर थांबायला जागा लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन तापते. उंचीवरची आणि तापलेली हवा विरळ असते. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून विमानाला जास्त पळावे लागते.

खरी मदत वाऱ्याची

धावपळ कमी करतो तो समोरून येणारा वारा. 250 च्या वेगाने उडणाऱ्या विमानाला समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा मिळाला, तर जमिनीवर 220 चा वेग पुरतो. विमानवाहू युद्धनौका याच कारणाने विमाने उडवताना वाऱ्याकडे तोंड करून वेगाने पुढे जातात. तिथे विमानाखालची 'जमीन' पुढे सरकते आणि विमानाला हवेत आयता वेग मिळतो. आपल्या कोड्यातला बेल्ट मात्र मागे फिरतो, त्यामुळे त्याचा काहीच उपयोग नाही.

ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटलेला असताना जानोरी-ओझरच्या शिवारातून कधी लक्ष देऊन बघा. विमान शक्यतो वाऱ्याला पाठ दाखवत नाही, तोंड देऊनच वर चढते. येवल्याचा पतंगही तसाच चढतो.