शेंगेन व्हिसा: अर्ज कोणत्या देशाकडे?

कळंबहून मुलाबाळांसह युरोपला निघायचे ठरले, की बहुतेकांचा समज असतो: विमान जिथे आधी उतरते, त्या देशाचा व्हिसा काढायचा. नियम तसा नाही.

शेंगेन व्हिसा (अल्पकालीन प्रवेश परवाना) युरोपातील २९ देशांत मिळून एकच असतो. एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पाससारखा. कळंब आगारात एकदा पास काढला की पुढे दर गाडीला वेगळे तिकीट लागत नाही.

अर्ज मात्र जिथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे करायचा. पॅरिसला ३, रोमला ५ आणि व्हिएन्नाला २ दिवस असतील, तर विमान पॅरिसला उतरले तरी अर्ज इटलीकडे जातो. मुक्काम समसमान असेल, तर पहिल्या प्रवेशाचा देश धरतात.

व्हिसावरच्या दोन तारखा म्हणजे वैधता (ज्या मुदतीत प्रवास करता येतो). राहण्याचे दिवस वेगळे छापलेले असतात. ब्रिटन या २९ देशांत नाही, म्हणून लंडनसाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. तान्ह्या बाळाचाही अर्ज स्वतंत्र असतो. ६ वर्षांखालील मुलांना व्हिसा शुल्क मात्र नाही.