जुना संगणक, नवा टीव्ही

जुन्या संगणकामागचं १५ पिनांचं व्हीजीए सॉकेट आयबीएमने १९८७ मध्ये आणलं. त्यातून चित्र ॲनालॉग रूपात बाहेर पडतं. टीव्हीच्या एचडीएमआयला मात्र डिजिटल सिग्नलच कळतो. म्हणून बाजारात मिळणारी नुसती व्हीजीए-एचडीएमआय केबल कामाची नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. तोही ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ असाच बघून घ्यावा. उलट दिशेचा आणलात तर पैसे पाण्यात. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्याची वायर वेगळी. संगणकाला डीव्हीआय-डी असेल तर नशीब, तिथे साधा ॲडॉप्टर पुरतो.

चित्र आलं, पण टास्कबार गायब? दोष संगणकाचा नाही. पिक्चर ट्यूबच्या काळात टीव्ही चित्राच्या कडा मुद्दाम चौकटीआड ढकलत. ही ओव्हरस्कॅनची खोड सपाट टीव्हींनीही उचलली, आता गरज नसताना! मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. काही टीव्हींत इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की अक्षरंही रेखीव होतात.

‘नो सिग्नल’ दिसलं तर संगणक १०२४ × ७६८, ६० हर्ट्झवर आणून बघा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्यावेत, चित्र ताणून पडदा भरला की माणसं जाडजूड दिसतात.