मोशीच्या खाणीतला ज्वालामुखी

पुण्याजवळच्या मोशीची दगडखाण काठावरून पाहिली तर कडा एकरंगी दिसतो. तळाला उतरलं की त्यातले पट्टे ओळखू येतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग भुरका, भोकाभोकांचा मांजऱ्या आणि त्याखाली निळसर काळा, एकसंध पाषाण. खाणीला यातला फक्त शेवटचा हवा असतो. बाकीचं सगळं उकरून बाजूला सारायचं.

दगड पारखायची मुकादम मामांची रीत साधी. हातोडी मारायची आणि कान द्यायचा. काळा दगड खणखणतो, मांजऱ्या बद्द वाजतो. "ह्याची खडी घातली तर स्लॅब रडंल," मांजऱ्यावर पाय ठेवत मामा म्हणाले.

मामांचा कान जे सांगतो, तेच भूशास्त्रही सांगतं, कारणासह. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली. त्यांतून लाव्हा वाहिला, पसरला, थिजला. काही काळाने त्यावर दुसरा आला. असे थर चढत चढत दख्खनचं पठार झालं. झीज होऊनही आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. वाहत्या लाव्हातले वायू बुडबुडे होऊन वर येतात आणि वरची साय आधी थिजल्यामुळे तिच्याखाली अडकतात. म्हणून थराचा माथा अनारशासारखा जाळीदार आणि पोट भरीव. माथ्यात पाणी मुरतं, दगड कुजतो, त्याचा मांजऱ्या होतो. भरीव पोटाची खडी होते. खाणीत रोज जी निवड चालते, ती लाव्हा थिजला तेव्हाच ठरून गेली आहे.

जाळीतल्या काही पोकळ्यांत पुढे खनिजं वाढली. पांढरा किंवा गुलाबीसर स्टिल्बाइट, पाण्यासारखा स्वच्छ अपोफिलाइट. कामगार सगळ्यांना मिळून गारगोट्या म्हणतात. पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, वाघोलीच्या खाणींत सापडलेलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेलं आहे.

सकाळपासून कंप्रेसर धडधडत होता आणि काठावर एका ओळीत बोअर मारणं चालू होतं. कातळातून पांढुरकी भुकटी उसळत होती, बोअर मारणाऱ्याच्या भुवयासुद्धा तिने माखल्या होत्या. भोकं झाली की कांड्या सोडायच्या, तारा जोडायच्या, तोंडं बुजवायची. मग लाल झेंडा, लांब शिट्टी, आणि सगळी माणसं मागे. स्फोट आधी तळपायांना कळला, नंतर कानांना. कडा उडाला नाही. जागच्या जागी फुगला आणि ढासळला. धूळ खाली बसल्यावर जवळ जाऊन पाहिलं. ताज्या फुटलेल्या दगडाच्या काळ्या अंगावर बारीक कण चमचमत होते. थिजल्यापासून पहिल्यांदाच त्या अंगावर ऊन पडत होतं. तो दगड मी किती तरी वेळ हातात धरून उभी होते.

इथे फार वेळ कोणाला नसतो. ब्रेकर मोठे धोंडे फोडतो, पोकलेन डंपर भरतो, डंपर क्रशरच्या जबड्यात ओततो. पट्ट्यावरून चढलेला माल चाळण्यांतून वेगळा होतो: ४० मिलिमीटर, २०, १०, ग्रिट, आणि शेवटी क्रश सँड. नदीच्या वाळूची टंचाई झाल्यापासून या शेवटच्या ढिगाला मान आला आहे. पूर्वी दगड फोडण्याचं हेच काम वडार समाजाच्या स्त्रीपुरुषांनी घण आणि सुतकीने केलं. इथल्या रस्त्यांखाली त्यांचे हात आहेत, हे फारसं कोणी बोलत नाही. आजही क्रशरजवळ पाण्याचे फवारे नीट चालू असतील तरच श्वास घेता येतो. ते बंद पडले की तोंडाला बांधलेल्या ओल्या फडक्यावर सारी भिस्त. फवारे चालू ठेवणं कोणाच्या मर्जीवर राहू नये.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मधल्या काळात हा सगळा पट्टा उभा राहिला, तो थिजलेल्या लाव्हावर, आणि काँक्रीटमध्येही तोच लाव्हा घेऊन.

ज्या उष्ण उगमातून दख्खनचा लाव्हा आला, तो आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत आला, उगम मागे राहिला. त्या बेटावरचा पितों द ला फूर्नेझ अजून वरचेवर उसळतो. २००७ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. माणसं दुरून येऊन तिथला ताजा लाव्हा पाहतात. आपल्याकडे त्या लाव्हाचं पोट उभं कापून ठेवलेलं आहे. असा छेद ताज्या लाव्हावर उभं राहून दिसत नाही.

पण दगड संपलेल्या खाणीत पाणी साचतं, नाहीतर राडारोडा पडतो, आणि कडा बुजून जातो. अंधेरीचा गिल्बर्ट हिलही लाव्हाचाच. त्याला वारसा म्हणून जपायचं मुंबईने ठरवलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही मोशी परिसरातल्या बंद पडलेल्या खाणीचा एक तरी कडा राखावा. भक्कम कठडा, उतरायला पायऱ्या, थरांची नावं सांगणारा मराठी फलक, आणि मांजऱ्या व काळा दगड वाजवून पाहायला एक हातोडी, एवढं पुरे. मुलांना थर समजावून सांगायला खाणीत आयुष्य काढलेल्या एखाद्या मुकादमाला मानधन देऊन नेमावं. खाणी बुजण्याआधी हे व्हायला हवं. बुजलेला कडा पुन्हा उघडायला कोणी खर्च करणार नाही.