शेवटचा स्वर कुठे गेला?

शाळेत असताना मी निबंधात 'माझी बहिण' असे लिहिले आणि गुरुजींनी लाल रेघ मारली. 'बहीण' लिही, म्हणाले. पुढच्या ओळीत मी 'बहीणीला' लिहिले, तर तिथेही रेघ! बहीण एकच, मग ती एकदा दीर्घ आणि एकदा ह्रस्व कशी, हे कोणी सांगितले नाही. उत्तर आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावातच आहे.

देऊळगाव राजा हे नाव आपण एस.टी.च्या पाटीवर नेहमी वाचतो. त्यातले 'देऊळ' संस्कृत 'देवकुल' या शब्दावरून आले. संस्कृतात शेवटच्या 'ल'मधला 'अ' स्पष्ट उच्चारतात. आपण मात्र 'देऊळ्' म्हणून थांबतो. बोलताना शब्दाच्या शेवटी आवाजाचा जोर ओसरतो आणि पिढ्यानपिढ्या तिथला स्वर झिजत जातो. असेच 'भगिनी'ची बहीण झाली, 'स्नुषा'ची सून आणि 'रात्रि'ची रात. जगातही हे घडते. फ्रेंच माणूस शेवटच्या 'स'सकट 'पॅरिस' लिहितो, पण म्हणतो 'पारी'!

मात्र गेलेला स्वर खूण ठेवून जातो. शेवटचा 'अ' मुका झाला, की त्याच्या आधीचा इकार-उकार लांबतो : देऊळ, बहीण, सून. प्रत्यय लागून पुढे पुन्हा स्वर आला, की तो आखडतो : बहिणीला, सुनेला. 'देवळात' म्हणताना तर तो उकारच उरत नाही. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांत हीच रीत आहे.

मग 'मंदिर' ह्रस्व का? तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतला आहे. आपण बोलतो 'मंदीर', पण लिहिताना मूळ रूप राखतो. असे तत्सम शब्द तेवढे पाठच करावे लागतात.

मुका झालेला हा 'अ' अजूनही ऐकू येतो. शेगावहून पंढरीला निघालेल्या दिंडीत कान द्या. एरवी 'राम्' म्हणणारा वारकरी टाळाच्या ठेक्यावर 'रामऽ' म्हणतो.

आपल्याकडचे पोर वऱ्हाडीत 'बहीन' म्हणते. 'ण'चा 'न' झाला, तरी 'ही' लांबच असते आणि 'बहिनीले' म्हणताना ती आपोआप आखूड होते. नियम त्याच्या जिभेवर आधीच आहे. म्हणून वहीत लाल रेघ मारण्याआधी त्याला तो शब्द एकदा मोठ्याने म्हणायला सांगावे.